बांगडीतली पिन

स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनाला निधी मिळावा म्हणून आमच्या गावात दौड होती. जिच्यासाठी धावायचं, तिचं नाव पाठीवर लावायचं. मी कागदावर ‘सुधाताई’ असं लिहिलं, पण पिन नव्हती. शेजारच्या अनोळखी बाईंनी आपल्या बांगडीत अडकवलेली पिन काढून कागद लावून दिला.

माझी ताईही अशाच पिना बांगडीत ठेवायची. लग्नकार्यात कुणाचा पदर सुटला की सगळ्या तिलाच हाका मारायच्या. आता मनगटं इतकी वाळलीत की बांगड्याच राहत नाहीत. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनीही हात टेकले.

औषध सापडेलही कधीतरी. कुणाची तरी बहीण वाचेल. माझी नाही. मग खुळ्यासारखी ऊर फुटेस्तोवर मी कुणासाठी पळत होते? पुढे त्या बाई धावत होत्या. त्यांच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘कै. मीनल, माझी लेक’.

दौड संपल्यावर कागद काढून मी पिन परत करायला गेले.

“राहू द्या,” त्या हळूच म्हणाल्या. “पुढच्या वर्षी लागेल.”

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. ताईच्या नावाआधी बोटभर जागा कोरी होती.