हात पोचेल एवढ्या उंचीवर

सुमतीकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कसालला दुकानात होतो. रडू आलं नाही, राग आला. आता महिना उलटला तरी तो काही उतरत नाही. काकीचं वय झालं होतं, कधीतरी जाणारच होती. पण तिने एक साधी गोष्ट मागितली होती, ती न मिळताच गेली.

वासूकाका नौदलात होते. लढाईत त्यांचं जहाज बुडालं, प्रेत आलंच नाही. काकीला ना चिता, ना राख... गावाने शाळेजवळ एक काळा दगड उभा केला, त्यावर लढाईत गेलेल्या गावच्या पाच जणांची नावं कोरली. काकी दर सोमवारी तिथे जायची, काकांच्या नावावर खोबरेल चोळायची आणि देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालायची. आंबा मोहरला, गाय व्याली, पुतण्याने कसालला दुकान टाकलं. मी थट्टेने विचारायचो, काका काय म्हणाले गो? "तुका गप रवाक सांगल्यानी," ती म्हणायची आणि बाटलीचं बूच लावायची.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मीच तिला नेलं होतं. तिथल्या एवढ्या नावांत काकांचं नाव नेमकं तिच्या खांद्याइतक्या उंचीवर होतं. तिने त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. स्मारक कशासाठी बांधतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मग आमच्या गावच्या स्मारकाचा विस्तार निघाला. रंगीत कारंजं, सिमेंटचा रणगाडा, सेल्फी पॉइंट. जुना दगड हलवला आणि नावं उंच भिंतीवर स्टीलच्या अक्षरांत लावली, रस्त्यावरून फोटोत येतील अशी. काकी घरचा पाट घेऊन गेली, त्यावर चढली, टाचा उंचावल्या. तरी पोचली नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, नावं वर असली की मान राहतो. कोणाचा हो मान? काकीने मात्र आवाजही चढवला नाही.

"दिल्लीक माझो हात पोचलो," ती म्हणाली. "माझ्या गावात पोचणा नाय."

करतो, काकी, असं अध्यक्ष म्हणाले. केलं काय, तर कारंज्याला आणखी दिवे लावले.

काकीच्या बाराव्याला हेच गृहस्थ हार घेऊन आले. आमच्याच पडवीत, आमचाच चहा पीत, 'वीरपत्नीच्या स्मरणार्थ विस्ताराचा दुसरा टप्पा' जाहीर करून मोकळे झाले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमचा टप्पा घाला चुलीत, आधी जुना दगड कुठे टाकलात ते सांगा. त्यांना ते माहीतही नव्हतं.

सापडला तो पंपाच्या खोलीमागे, पालथा. लोक त्यावर उभे राहून पाय धूत होते. वाडीतल्या आम्ही चौघांनी तो सुलटा केला, चिखल धुतला, वर पाणी ओतलं. बाकीच्या नावांत पाणी साचलं. काकांच्या नावावर ते ठरेना... इतकं तेल त्या दगडाने प्यालं होतं. तिथेच माझा बांध फुटला. टेम्पोत घालून दगड घरी आणला.

आता तो पडवीत आहे, काकीच्या पाटासमोर. अध्यक्षांचा फोन आला होता, दगड सार्वजनिक आहे, परत द्या म्हणून. या न्यायला, म्हटलं. अजून कोणी फिरकलेलं नाही. दर सोमवारी काकीच्या बाटलीतलं खोबरेल मी लावतो, पाचही नावांना. पाटावर बसलं की हात नीट पोचतो.