हातातली परची

उज्जैनच्या सरकारी दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बसायचो. खेड्यातल्या दवाखान्यांनी पाठवलेल्या पेशंटची माहिती तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर यायला लागली होती. एका सकाळी एक म्हातारा धाप लागलेल्या बायकोला धरून आला. खिडकीपाशी त्याने चपला काढल्या आणि गावच्या डॉक्टरांची परची, इकडे पाठवल्याची चिठ्ठी, दोन्ही हातांनी पुढे केली.

"बाबा, सिस्टम में नहीं आया," मी म्हणालो.

"पर साहब, मेरे हाथ में तो है."

"उधर बैठो."

तासभर तो बाकावर बसून तिला गमछ्याने वारा घालत होता. माझी नजर गेली की संकोचून हसायचा. शेवटी तिचे निळे पडलेले ओठ एका नर्सला दिसले आणि तिने तिला थेट आत नेलं. ऑक्सिजन लागला, ती वाचली.

तो परत खिडकीशी आला. मला वाटलं, आता भांडणार.

"साहब, बिना एंट्री के ले लिया. आपकी नौकरी पे तो बात नहीं आएगी?"

कॉम्प्युटरवर नाव नसलं तर हाताने नोंद करायचं रजिस्टर माझ्याच खणात होतं आणि ते मला सकाळपासून माहीत होतं. मी ते काढून तिचं नाव लिहिलं. मान वर करून त्याच्याकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.