मी न दिलेल्या सूचना

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. भास, संकेत, कुणीतरी मागे उभं असणं... यातलं काही मला कधी पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. माझ्या नोकरीत ऐकलेलं वेळेसकट नोंदवायचं असतं, अर्थ लावत बसायचं नसतं. इथेही तेवढंच करते.

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. मूळची नागपूरची, कोल्हापूरला बदली होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ऑगस्टमधली सकाळ, सव्वाअकराची वेळ. टॉवरमध्ये मी आणि आमचे सहायक मुलाणी, दोघंच. हवामान कार्यालयाशी, फायर स्टेशनशी फोनवर बोलायचं ते मुलाणींनी; पायलटशी रेडिओवर बोलायचं ते फक्त मी.

हवेत एकच विमान होतं. फ्लाइंग स्कूलमधली एक शिकाऊ मुलगी छोटं विमान घेऊन एकटीच येत होती. तिला सानिका म्हणू. गगनबावड्याच्या बाजूने ढग अचानक खाली आले आणि ती त्यात शिरली.

आमच्या कामात शब्दांच्या आधी श्वास ऐकू येतो. तिने माईकचं बटण दाबलं आणि नुसता श्वासच आला. मग — "कोल्हापूर, आय ॲम इन क्लाउड... मॅडम, मला काहीच दिसत नाहीये..." आवाज चढलेला, शब्द एकमेकांवर आदळणारे. रेडिओवर इंग्रजीतच बोलायचं, हेही ती विसरली होती.

काय सांगायचं ते मला पाठ होतं. आधी पंख सरळ कर, मग उंची घे, मग वळ. पण आमच्याकडे रडार नव्हतं. ती नेमकी कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हतं. चुकीच्या दिशेला वळवलं तर समोर डोंगर. आणि मी... गोठले. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. घशातून आवाजच निघेना.

तेवढ्यात स्पीकरवर तिचाच आवाज आला.

"विंग्ज लेव्हल."

आम्ही दिलेली सूचना पायलटने परत म्हणून दाखवायची असते. ती तशीच म्हणत होती. थोड्या वेळाने, "क्लाइंबिंग फाइव्ह थाउजंड." मग, "लेफ्ट, हेडिंग झिरो सेव्हन झिरो," म्हणजे डावीकडे, पूर्वेच्या बाजूला. प्रत्येक वाक्यागणिक आवाज खाली येत होता. शेवटी, का कोण जाणे, बारीकसं हसून म्हणाली, "निगेटिव्ह, मॅडम." रेडिओच्या भाषेत 'नाही'.

त्यानंतर माझा घसा सुटला. काही मिनिटांनी ती ढगाबाहेर आली. तिला शिरोली एमआयडीसीच्या शेड आणि हायवे दिसला. पुढचं लँडिंग मीच करवून घेतलं. नीट उतरली.

मुलाणी फोन ठेवून म्हणाले, "भारी सांभाळलासा, मॅडम."

मी म्हटलं, "मुलाणी, मी काही बोललेच नाही."

त्यांनी माझ्यासमोरच्या माईकच्या बटणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "व्हय... तुमचा हात मांडीवरच हुता. मला वाटलं, माझंच ध्यान न्हाय."

मी रिपोर्टमध्ये खरं ते लिहिलं. मला काही दिवस ड्यूटीवरून बाजूला ठेवलं, ते योग्यच होतं. रेकॉर्डिंग तपासलं. तिची चारही वाक्यं होती, आणि मध्ये नुसती शांतता. माझा आवाज नाही, दुसऱ्या कुणाचाही नाही. साहेब म्हणाले, "घाबरल्यावर ट्रेनिंग आठवून स्वतःशीच बोलली असेल." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. फक्त फ्लाइंग स्कूलकडून तिचा मार्ग घेऊन नकाशावर रेषा मारून पाहिली तेव्हा दिसलं, की आधीच्या दिशेने ती सरळ डोंगराकडे चालली होती. ढगातून तिला ते कळणं शक्य नव्हतं.

महिन्याभराने सानिका मला भेटायला आली. हुपरीची मुलगी, घरी पैंजणांचं काम. बरोबर आई होती. आईने आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले.

सानिका म्हणाली, "मॅडम, तुम्ही इथल्याच न्हवं?"

"नाही गं, नागपूरची."

"मग इतकं आमच्यासारखं कसं बोलला?"

"काय बोलले मी?"

"पंख सरळ धर की गं, म्हणाला. वर चढ, भिऊ नगंस. मग डावीकडं वळायला सांगितलं, आकडा तेवढा इंग्लिशमधी. तुमचाच आवाज की! आणि शेवटी विचारलं, सकाळी खाऊन निघालीयास न्हवं? म्हणून तर मला हसू आलं. खाल्लं नव्हतं मी. निगेटिव्ह म्हटलं."

ते 'निगेटिव्ह' कशाबद्दल होतं, हे तोवर आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

तिचे आभार तसेच घ्यावेत, असं क्षणभर वाटलं. पण तिला पुढे आयुष्यभर रेडिओवर विसंबायचं आहे. मी सांगून टाकलं — त्या दोन मिनिटांत मी एक शब्दही बोलले नव्हते. मला बोलताच आलं नव्हतं.

तिच्या आईचे हात माझ्या हातांवरून सुटले नाहीत.  सानिकाने विचारलं,

"मग मॅडम, मी उत्तर कुणाला देत होते?"