पट्टीखालचं अक्षर

तिसरीच्या बाईंचं अक्षर इतकं देखणं, की शिक्षकखोलीत त्यांना सगळे 'छापखाना' म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सव्वीस वर्षांत शाळेतला एकही फलक, एकही मानपत्र त्यांच्या हाताशिवाय पुरं झालं नव्हतं. माणसाला एखादी गोष्ट फार चांगली जमायला लागली, की ती दुसऱ्याला करू देणं जिवावर येतं. बाईंचं तसं झालं होतं.

शिवाय मुलांना टोपणनावं द्यायची खोड. सतत हुज्जत घालणारी एक चुणचुणीत मुलगी होती, ती 'वकील'. दुसरी एक होती, जिला काहीही करायला वेळ लागायचा. बेरीज असो की बुटाची नाडी, तिचं आपलं गोगलगाईच्या चालीनं. एकदा घड्याळाकडे बघत बाई म्हणाल्या, "एका ओळीला पाऊण तास! तुझं नावच पाऊणतास ठेवते बघ." वर्ग खदखदून हसला. मुलगीही हसली. बाई पुढच्या वहीकडे वळल्या.

त्या वर्षी वरून हुकूम आला. मुलांनी आता प्रकल्पातून शिकायचं. चौघाचौघांचे गट, प्रश्न त्यांनीच शोधायचा, उत्तरही त्यांनीच. शिक्षकांनी फक्त सोबत राहायचं. मुख्याध्यापक हे वाचून दाखवत होते तेव्हा बाई शेजारणीच्या कानात पुटपुटल्या, "उद्या म्हणतील, आपली हजेरीपण मुलांनाच घेऊ द्या."

गट पडले. पाऊणतासला कुणी घेईना. शेवटी वकिलीणबाईंनी तिचा हात धरून तिला आपल्यात ओढलं. गटात आणखी दोन जुळे भाऊ होते, ते एकमेकांशी भांडण्यात गुंतलेले. त्यांचा प्रश्न साधा होता. अंगणातला गळका नळ दिवसभरात किती पाणी सांडतो?

जुळ्यांनी बादली आणि प्लास्टिकचा मग आणला, पाच मिनिटं थेंब बघितले आणि पळापळी सुरू केली. वकील शिपायाला जाब विचारायला गेली. नळापाशी उरली पाऊणतास. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत ती उकिडवी बसून होती. मग भरला की बादलीत ओतायचा, वहीत एक रेघ मारायची, परत मग लावायचा. डबासुद्धा तिनं तिथंच खाल्ला. संध्याकाळी रेघा मोजल्या, त्र्याऐंशी भरल्या. एकही चुकली नव्हती.

प्रदर्शनाचा तक्ता वकीलच लिहील, असं बाईंना वाटलं होतं. तर ती म्हणाली, "मोजलं तिनं, मग लिहायचंही तिनंच. ठरलंय आमचं."

तीन ओळी लिहायला तिला चार दिवस लागले. 'आमच्या नळातून एका दिवसात त्र्याऐंशी मग पाणी वाया जातं', ही पहिली. अक्षरं सुरुवातीला भोपळ्याएवढी, मग जागा संपत आली तशी एकमेकांच्या अंगावर रेललेली, आणि ओळ उतारावर निघालेली. पण होती तिचीच, कुणाचं बघून काढलेली नव्हती. वर्षभरात तिनं स्वतःहून लिहिलेलं हे पहिलंच वाक्य. घरी जाताना ती बाईंना म्हणाली, "उद्या आई येणारे बघायला. सुट्टी काढून."

उद्या प्रदर्शन होतं आणि शिक्षण खात्याचे साहेबही येणार होते. शाळा सुटल्यावर बाई रिकाम्या वर्गात तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. छापखान्याच्या वर्गात हे असलं? लोक काय म्हणतील? थोडंसं नीटनेटकं करावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. निदान मनाला त्यांनी तसं सांगितलं. पांढऱ्या कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या, डिंक लावून ओळींवर चिकटवल्या आणि त्यावर आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात तोच मजकूर लिहिला. वीस मिनिटांत काम फत्ते. जाताना त्यांनी मागे वळून बघितलं आणि त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब नेमके त्याच तक्त्यापाशी थांबले. "वा! तिसरीच्या मुलांचं अक्षर? कोणी लिहिलं?"

वकिलानं तोंड उघडलं. बाईंकडे बघितलं. जी मुलगी खडूच्या तुकड्यावरून तासभर वाद घालायची, ती खाली मान घालून म्हणाली, "गटानं, साहेब."

बाईंनीच शिकवलं होतं तसं. विचारलं तर गटानं केलं म्हणायचं. मुख्याध्यापक कौतुकानं हसले. बाईंचा एक शब्द पुरला असता. तो त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि आठ वर्षांच्या पोरीनं मात्र आपल्यासाठी सांभाळून घेतलं, हे त्यांना तिथंच कळलं.

साहेब पुढच्या वर्गात गेले आणि दारातून एक बाई घाईनं आत आली. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. कपडे धुण्याच्या दुकानात ती इस्त्री करायची.

"नमस्कार बाई. मी पाऊणतासची आई."

बाईंनी विचारलं, "तुम्हीसुद्धा तसंच म्हणता?"

"घरी सगळेच म्हणतो आता. बाईंनी मला नाव दिलंय, म्हणून केवढी मिरवत होती! आमच्याकडं कुणाला कोण नाव देतंय?" आई तक्त्याकडे वळली. "कुठाय गं तुझं लिहिलेलं? अर्ध्या तासाची सुट्टी आहे मला, त्यातली निम्मी येण्यातच गेली."

आईनं पहिली ओळ बघितली, दुसरी बघितली. मुलीनं पुढं होऊन पट्टीवर बोट ठेवलं. "इथं आहे. ह्याच्या खाली. बाईंनी वरून कागद लावलाय, मळू नये म्हणून."

"अगंबाई!" आई बाईंकडे वळून हसली. "किती काळजी घेता हो पोरांची."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी उमगलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. आभार कसे सोसायचे?

"थांबा, दाखवते," म्हणत त्यांनी पट्टीचं टोक नखानं उचललं. डिंक पक्का वाळला होता. पट्टी निघाली ती खालच्या अक्षरांचे तुकडे घेऊनच. तक्त्यावर उरला एक अर्धा 'म' आणि पाण्याचा काना. कालचा रुबाब, दिवसभर उन्हात बसलेली पोर, आयत्या बिळावरचा नागोबा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"मळू नये म्हणून नाही हो लावला," बाई म्हणाल्या. "मला तिचं अक्षर वाईट दिसलं. म्हणून मी झाकलं. लाज वाटते मला."

आईचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. तिनं त्या तुकड्यांकडे बघितलं.

"माझंपण असंच आहे अक्षर," ती म्हणाली.

एवढ्यात मुख्याध्यापक साहेबांना घेऊन फोटोसाठी परतले. "अहो, पट्टी का काढली? इतकं सुंदर अक्षर!"

"ते माझं होतं, साहेब," बाई म्हणाल्या. "मुलांचं फाटलं." पुढं कुणी काही विचारलं नाही, आणि फोटो दुसऱ्या तक्त्याचा निघाला.

वकिलानं तोवर कपाटातून कोरा कागद काढून फरशीवर पसरला होता. पाऊणतास त्यावर ओणवी झाली. आई बाजूला उभी राहून घड्याळ बघत होती. 'आमच्या' हा एक शब्द पुरा झाला आणि आईची वेळ संपली.

"'आ' झकास आलाय गं," ती म्हणाली आणि धावतच निघाली. बाकीचं वाचायला ती थांबू शकली नाही.

बाई तिथंच उभ्या होत्या, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

"बाई, तुम्ही नुसता कागद धरा," वकील म्हणाली. "पंख्यानं हलतोय."

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी कागद धरला. पेन्सिल सावकाश सरकत आली, त्यांच्या बोटापाशी थांबली.

"बाई, बोट," पाऊणतास म्हणाली.

बाईंनी बोट मागं घेतलं.