मुर्वेतच्या तोंडची बंदी घातलेली कविता

काळ्या समुद्राकाठच्या त्या गावात मुर्वेतच्या डफाशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नसे. तिचा आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून.

तिच्या शेजारचा रागिप कवी होता. सरकारला त्याच्या कविता झोंबल्या, पुस्तकांवर बंदी आली आणि अटक व्हायच्या आत तो मासेमारीच्या होडीतून देशाबाहेर पळाला. घराघरांतली त्याची पुस्तकं चुलीत गेली. पण मुर्वेतला त्यातल्या बऱ्याच कविता तोंडपाठ होत्या. ‘डोक्याची झडती कोण घेणार?’ म्हणत तिने त्यांना चाली लावल्या आणि लग्नांत बिनदिक्कत गायला लागली.

एकदा ठाण्यातल्या हवालदाराच्याच मुलीचं लग्न निघालं. मुर्वेतने डफ उचलला. बापच घामाघूम होईपर्यंत नाचला आणि धापा टाकत तिच्याकडे आला.

“ताई, गाणं कुणाचं हो हे?”

मुर्वेतने ठोकून दिलं, “माझ्या आजीचं.”

“गुणी बाई! पुन्हा होऊन जाऊ द्या!”

आजी बिचारी जन्मात गायली नव्हती. तिचा आवाज चढायचा तो कोंबड्या हाकलताना. पण त्या दिवसापासून गाणं आजीचंच झालं.

सरकारं बदलली, बंदी उठली, आणि म्हातारा रागिप काठी टेकत गावी परतला. मुर्वेत आधी पोटभर रडली, मग खेकसली, “किती वाळलास रे! तिकडे काय उपाशी ठेवत होते?”

पुढच्याच लग्नाला तिने त्याला ओढत नेलं. हातात हात गुंफून मुलींनी गाणं धरलं: “दार उघडं ठेव आई, नवरा घरी येतोय!”

रागिपचा चहा हिंदकळला. तो ओरडला, “अगं, नवरा नाही, वारा! वारा घरी येतोय!”

“आजोबा, गाणं येत नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवा ना,” नवरीची बहीण म्हणाली.

मंडप खो खो हसला. मुर्वेत पुढे झाली. “कार्ट्यांनो, गाणं त्याचंच आहे!”

“काहीतरीच! ते तुझ्या आजीचं, मावशी!”

“तुझी आजी?” रागिपने डोळे वटारले.

“मग काय, हवालदाराला तुझं नाव सांगायचं होतं?”

“बरं, पण वाऱ्याचा नवरा कशाला केलास?”

“लग्नात वाऱ्यासाठी कोण नाचणार, शहाण्या?”

रागिपला हसू आवरेना. परक्या मुलखात त्याला एकच भीती खायची, की आपले शब्द आपल्याआधी मरतील. इथे तर ते लग्न करून नांदत होते. त्याने काठी बाजूला टाकली आणि नवरीच्या बहिणीचा हात धरून तिच्यासारखंच ‘नवरा घरी येतोय’ गायला लागला.

तो गावातच राहिला. नवी कविता झाली की सकाळीच मुर्वेतच्या अंगणात येऊन वाचायचा. ती चहाच्या तबकावर बोटांनी ताल धरून ऐकायची आणि ठेका अडला की म्हणायची, “इथे पाय अडखळतो. घरी ने, नीट करून आण.”

कुरकुरत का होईना, तो आणायचा.