सुरकुतलेल्या गोळ्या आणि फौंड्रीकाका

समोर कुठलीही ओतीव वस्तू आली की फौंड्रीकाका तिच्यावरून अंगठा फिरवत. पुंगोलच्या जेटीवरचा खांब, एलआरटी ट्रेनच्या स्टेशनबाहेरचा बाक, आमच्या ब्लॉकखालचं गटाराचं झाकण, काहीही. झाकणासाठी तर ते चक्क उकिडवे बसत. त्यांचं काही पडलंय असं वाटून येणारे-जाणारेही शोधायला वाकत. मग काका उठून हात झटकत आणि "चांगलं ओतलंय" किंवा "घाई केलीय कुणीतरी" असा निकाल देऊन पुढे चालू लागत.

कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, ते निवृत्त होईपर्यंत फोरमन होते. काकू गेल्यावर संदीपने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना इथे सिंगापूरला आणलं. संदीपचा फ्लॅट आमच्या दोन मजले वर. ब्लॉकमधल्या आम्हा चार-पाच मराठी घरांमध्ये काकांचं खरं नाव कुणी घेत नसे. त्यांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला "आमच्या फौंड्रीत" यायचं, म्हणून ते फौंड्रीकाका.

मी जुरोंग आयलंडवर प्रोसेस इंजिनीअर आहे. आठवडाभर कंपनीची बस आणि प्लांट, आणि शनिवारी सकाळी जेटीवर गळ टाकून बसायचं, हा माझा एकुलता एक छंद. जेटीखालच्या खडकांत गळाची शिशाची वजनं सारखी अडकून तुटतात, तेव्हा ती घरीच ओतावीत अशी अक्कल मला सुचली. ऑनलाइन एक अ‍ॅल्युमिनियमचा साचा मागवला, कुठून कुठून जुनं शिसं जमवलं आणि स्वयंपाकघरातल्या गॅसवर वितळवायला सुरुवात केली. बंदुकीच्या गोळीसारखी निमुळती वजनं व्हायला हवी होती. निघाल्या त्या गोळ्याच, पण खारकेसारख्या सुरकुतलेल्या.

एका शनिवारी माझ्याबरोबर जेटीवर आलेल्या काकांनी डब्यातली एक उचलली. अंगठा फिरवला.

"कुठल्या दुकानातनं आणल्या?"

"मीच केल्यात, काका."

"मग सुटला तो दुकानदार."

त्या अशा का होतात, असं मी विचारलं. पण बघितल्याशिवाय काका कधीच निदान करत नसत. "दोष दिसतो वस्तूत, पण असतो दुसरीकडंच कुठंतरी," असं ते म्हणत. "उद्या घरी येतो. तुम्ही कसं ओतता ते दाखवा."

रविवारी सकाळी ते आले तेव्हा मुग्धा, माझी बायको, आमच्या दीड वर्षांच्या इराला घेऊन खाली खेळायला गेली होती. मी मोठ्या उत्साहाने गॅस पेटवला आणि कढई वर ठेवली. काका दारातच थांबले. त्यांनी कढईकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, शेजारी निथळत ठेवलेल्या इराच्या दुधाच्या कपांकडे पाहिलं. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून त्यावर आलेली राखाडी धूळ मला दाखवली.

"हे नेहमी इथंच वितळवता?"

"हो. पण खिडकी उघडी ठेवतो. आणि दोघी बाहेर गेल्यावरच करतो."

"आणि परत आल्यावर पोरगी खेळती कुठं?"

आम्ही उभे होतो त्याच फरशीकडे मी बोट दाखवलं. काकांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"निनादराव, गोळ्या राहू द्या आता."

प्लांटवर रसायनांच्या सुरक्षिततेचे धडे मी नव्या लोकांना देतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं काय करतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त ते माझ्या घरातही तेच करील, हा विचार मी केला नव्हता. मी पुटपुटलो, "मुग्धाला सांगतो मी हळूहळू."

"हळूहळू नाही. ती दारात आली की सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार."

मग तिथेच स्टुलावर बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. फौंड्रीत लागायच्या आधी ते जुन्या बॅटऱ्यांचं शिसं गाळणाऱ्या एका भट्टीवर होते. तिथला एक कामगार रोज शिशाच्या धुळीने भरलेल्या कामाच्याच कपड्यांवर घरी जायचा आणि दारातच पोराला उचलून घ्यायचा. "अंग धुऊन जा, एवढंच म्हणायचं होतं मला. मला ठाऊक होतं, निनादराव. मालकाला आवडणार नाही म्हणून बोललो नाही. ते पोरगं जगलं. पण बोलायला फार उशिरा लागलं, आणि शाळा काही त्याला जमली नाही." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मुग्धा आली. मी सांगितलं. तिने इराला आणखी घट्ट धरलं आणि एकच वाक्य बोलली, "तू इंजिनीअर आहेस ना रे?"

"पोरी, तू रागव त्याच्यावर, पाहिजे तेवढं," काका म्हणाले. "पण आधी डॉक्टर."

रक्ताचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस इरा आणि मुग्धा संदीपकडे राहिल्या, आणि काका आमच्याकडे. मी झाडू उचलला तर त्यांनी तो काढून घेतला. "झाडायचं नाही. धूळ उडती. पुसायचं." सत्तरी उलटलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशीचा एकेक सांधा पुसत होता, आणि दर दोन फरश्यांनंतर फडकं टाकून देऊन नवं घेत होता. मुग्धा माझ्याशी बोलत नव्हती. काही हवं असलं तर ती काकांना फोन करायची. "काका, त्याला सांगा, इराचे मोजे वर आणून दे." काका शेजारी बसलेल्या मला तो निरोप शब्दश: सांगत. त्यात भर घालत नसत आणि तिचा रागही सौम्य करून सांगत नसत.

इराच्या रक्तात शिसं असायला हवं त्यापेक्षा थोडं जास्त निघालं. घरातलं कारण दूर झालंय, तेव्हा खाणंपिणं सांभाळा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाल्या. ते तीन महिने मी विसरणार नाही. इरा तेव्हा फारसं बोलत नव्हती. आधी त्याचं काही वाटलं नव्हतं. आता तिच्या प्रत्येक गप्प बसण्याकडे आमचं लक्ष जायचं. काकांनी हा विषय एकदाही काढला नाही. ते रोज सकाळी स्वत: केलेली नाचणीची आंबील घेऊन खाली येत आणि इराला भरवताना तिच्याशी तासतासभर बोलत. भट्टी कशी पेटवतात, माती कशी चाळतात, कुठल्या पाटलाने घंटा ओतायला दिली आणि ती कशी बद्द वाजली. ती तोंड उघडं ठेवून ऐके.

एके सकाळी वाटी रिकामी झाल्यावर तिने ती काकांपुढे धरली आणि स्वच्छ म्हणाली, "अजून."

काकांनी चमचा खाली ठेवला, उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. मुग्धाने उरलेली आंबील वाढली. त्या दिवशी ती माझ्याशी थेट बोलली. दुसरा रिपोर्ट आला तेव्हा आकडा उतरला होता. त्यानंतरचा तर अगदी नीट होता.

तो हातात पडल्यावर काका म्हणाले, "आता तुमच्या गोळ्या बघू." मी नको म्हणालो, पण दोष कळल्याशिवाय काम सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जेटीवर आमच्या शेजारी गळ टाकणारे लिम अंकल आंग मो किओ भागातल्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये छोटं मशीनशॉप चालवत. तिथे धूर ओढून घेणारा पंखा होता आणि अंघोळीची सोयही होती, म्हणून आम्ही तिथे गेलो. काका मराठी बोलत, लिम अंकल त्यांच्या पद्धतीचं इंग्रजी, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळे. माझी खारीक हातात घेऊन लिम अंकल म्हणाले, "मोल्ड टू कोल्ड, लाह." साचा फार थंड, हे निदान ऐकून काका खूश झाले. "माणूस जाणता आहे. पण तपासून घेऊ."

त्यांची पद्धत एकच होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वर्तमानपत्रावर त्यांनी गोळ्यांच्या रांगा मांडायला लावल्या. पहिल्या रांगेत साचा थंड: सगळ्या सुरकुतलेल्या. दुसऱ्या रांगेसाठी साचा तापवला: सुरकुत्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. "साच्याला काय लावलं होतं?" त्यांनी विचारलं. गोळ्या चिकटू नयेत म्हणून मी तेलाचा हात फिरवला होता. तो साचा साबणाने धुतला, पूर्ण वाळवला, पुन्हा तापवला. तिसऱ्या रांगेत मी पळी तिरपी केली आणि भीतभीत थेंबथेंब ओतू लागलो.

"घाबरत ओतू नका. तुम्ही थांबलात की शिसं वाटेतच थिजतंय, आणि थिजलेल्यावर दुसरं येऊन बसतंय. तीच सुरकुती. एका दमात!"

मी एका दमात ओतलं. साचा उघडला तर आत आरशासारखी गुळगुळीत गोळी. लिम अंकलनी टाळ्या वाजवल्या. काकांनी ती घासूनपुसून बघितली आणि "हं" म्हणाले. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा तो हुंकार मला मोठा वाटला. मग लगेच म्हणाले, "कपडे इथंच बदला. अंघोळ करूनच घरी जायचं."

पुढच्या वर्षी संदीपच्या कंपनीने त्याचा विभागच बंद केला. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही, नोकरीवर मिळालेला इथे राहायचा पास संपला आणि महिन्याभरात बिऱ्हाड आवरायची वेळ आली. संदीप पुण्याला जाणार होता. काकांनी कोल्हापूरला राहायचं ठरवलं होतं. आम्ही तिघंही त्यांना सोडायला चांगी विमानतळावर गेलो. इरा आता अखंड बोलत होती, निम्मं मराठी आणि निम्मं चाइल्डकेअरमधलं इंग्रजी, आणि काका तिच्या प्रत्येक प्रश्नाला गंभीरपणे उत्तर देत होते.

संदीप बॅगा द्यायला गेला तेव्हा मुग्धा काकांच्या पाया पडली आणि तिथेच त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"काका, एक सांगायचंय. माझ्या आईलाही अजून सांगितलेलं नाही. इराला भावंड येतंय."

"मग मला का आधी सांगतीस, पोरी?"

"तुम्हालाच आधी सांगायचं ठरवलं होतं मी."

त्यांनी चष्मा काढला, तो सदऱ्याला पुसला, पण परत घातला नाही. मुग्धाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले. संदीप दोनदा हाक मारून गेला, तरी काका उठले नाहीत.