मल्लखांबावरचं तेल

धसईच्या बाजारात भेंडी-गवार घेऊन बसणारी गोदू कुणाला घाबरत नसे. मापात खोट करणाऱ्या व्यापाऱ्याला ती चारचौघांत झापी. घरात साप निघाला तर शेजारीपाजारी तिच्या नवऱ्याला नाही, तिला हाक मारत. पण कुणी जमिनीवरून हातभर वर चढलं, की तिचा धीर सुटायचा. माळ्यावरचा पेंढा काढायला दीर चढला तरी ही खालून "उतरा, उतरा" करत उभी. लोक हसायचे. हसायला काय जातं! झाडावरून पडलेलं माणूस ज्याच्या घरात आहे, त्याला विचारावं.

पडला होता तिचा नवरा बारकू. साल पंच्याण्णव. या भागात भाताची रोपं टाकायची जमीन आधी पालापाचोळा जाळून भाजतात. त्याला राब म्हणतात, आणि राबाच्या फांद्या ऐनाच्या झाडांवर चढूनच तोडाव्या लागतात. बारकू पोरवयापासून चढत आलेला. त्यांच्या घरची रीत अशी, की पहिल्या झाडावर कोयता पडायच्या आधी घरच्या सुनेनं बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवून तांब्याभर पाणी घालायचं. त्या वर्षी गोदू आटगावला माहेरी होती, बहिणीच्या बाळंतपणाला. तांदूळ राहून गेले. बारकू फांदीसकट खाली आला आणि कमरेत जो वाकला तो वाकलाच. डॉक्टर म्हणाले, फांदी पोकळ असेल, पाय शाबूत राहिले हे नशीब समजा. सासू म्हणाली, तांदूळ राहिले. गोदूनं डॉक्टरांचं नुसतं ऐकून घेतलं, सासूचं मनात ठेवलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई होती. पण भीती कुणाची शाळा विचारत नाही.

सासू पुढे वारली. तिचं ते एक वाक्य मात्र घरात राहिलं.

आणि अशा बाईच्या पोटी भाग्यश्रीसारखी मुलगी! चालायला लागल्यापासून खाली म्हणून ती ठरत नसे. मुरबाडच्या शाळेत गेल्यावर भोईर सरांनी तिला मल्लखांबावर चढवलं आणि घरी बातमी आली, की मुलगी उलटी लटकते. गोदूनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी बारकूनं काय करावं? पडलेल्या गोठ्याचा सागाचा खांब होता, तो अंगणात ओढून घेतला, वाकलेल्या कमरेनं बसून तासला, आणि पोरीला घरीच मल्लखांब करून दिला. शाळा सुटल्यावर सराव करत थांबलं तर शेवटची एसटी चुकायची, त्यावर त्याचा हा उपाय.

"स्वतः पडलात तेवढं पुरं नाय झालं?" गोदू म्हणाली.

"मी पडलो म्हून तिनं जमिनीला चिकटून ऱ्हावं काय गो?" बारकू म्हणाला आणि तासत राहिला.

दिवाळीनंतर, दोन हजार चार साली, भोईर सर स्वतः येऊन खांब रोवून गेले. खाली माती उकरून वर भाताचा पेंढा पसरला. खांबाला त्यांनी एरंडेल चोळलं. सागाला चिरा पडू नयेत, अंगाला लाकूड खरचटू नये, म्हणून मल्लखांबाला एरंडेल देतात. जाताना ते म्हणाले, "याला नुसतं लाकूड समजू नका. हा मारुती आहे."

सर सहज बोलून गेले. गोदूनं ते वाक्य पदरात बांधून घेतलं. तिला हवं होतं तेच मिळालं होतं. मारुती म्हटल्यावर त्याला काय द्यायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पुढच्या शनिवारी झुंजूमुंजू झालं तशी ती आंघोळ करून अंगणात आली. खांबाच्या पायाशी शेंदूर लावला, रुईचं पान वाहिलं. मग घडवंची ओढली. घडवंचीवर चढताना एका हातानं तिनं खांबच घट्ट धरला होता. दुसऱ्या हातात घरच्या खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, घाण्यावरून आणलेलं तेल. वाटीभर तेल तिनं खांबाच्या माथ्यावर, बोंडावर, सोडलं. ते मानेवरून ओघळत, सगळं अंग माखत खाली आलं. "माझ्या पोरीला धर," ती पुटपुटली. खाली उतरून पायाशी साचलेलं तेवढं मातीनं झाकलं, कारण बारकू पाहील तर तेल वाया घालवते म्हणून कटकट करील. बाकीचं खांबावर राहिलं. देवाला घातलेलं पुसायचं नसतं.

नऊ वर्षांपूर्वी चुकल्यासारखं आता चुकायचं नव्हतं. एकही शनिवार तिनं सोडला नाही.

आणि भाग्यश्री घसरायला लागली.

आधी तिला वाटलं, थंडी आहे. मग वाटलं, आपल्याच हाताला घाम सुटतो. ती तळहात फ्रॉकला पुसायची, मातीत घासायची. शाळेतून खडूची भुकटी आणली. चुलीतली राख लावून पाहिली. सरांनी पुडीत थोडी राळ दिली होती, पकड यावी म्हणून. ती हाताला लावून खांब धरला तर राळेचा आणि कसल्याशा ओशटपणाचा मिळून चिखल झाला, हात सुटेनात आणि पाय टिकेनात. शाळेतल्या खांबावर हीच पोर माकडासारखी चढे. घरच्या खांबावर अर्ध्यातूनच खाली.

"लाकूड एरंडेल सोडतंय वाटतं," बारकू खांबावरून बोट फिरवून म्हणाला. "ऊन लागतंय ना. सोडू दे, जिरल."

गोदू प्रत्येक घसरणीला चुलीपुढून उठून दारात येई. पोरीचे कपडे धुताना साबण जास्त लागतो, हे तिच्या लक्षात येत होतं. डोक्यात मात्र एकच: देव अजून प्रसन्न नाही. पुढच्या शनिवारी तिनं दोन वाट्या ओतल्या. आता हिला काय म्हणावं! पण आपलं माणूस वर चढलेलं असलं, की डोकं जागेवर ठेवणं सोपं नसतं.

पौषातल्या एका रविवारी सकाळी भाग्यश्री पडली. शहापूरला शाळांच्या स्पर्धा होत्या, त्यासाठी सरांनी तिला उलटी अढी बसवायला सांगितली होती. अढी म्हणजे दोन्ही पायांचा खांबाला विळखा. तोच आधार, डोकं जमिनीकडे, हात मोकळे. भाग्यश्री वर गेली, पाय आवळले, उलटी झाली. गोदू दारातून बघत होती, हातात पिठाचा उंडा तसाच. पोरीनं हात सोडले आणि विळखा सुटला नाही, नुसता सरकला. आवळलेल्या पायांनिशी ती सरळ डोक्यावर खाली आली. शेवटच्या क्षणी तिनं मान वळवली म्हणून खांदा टेकला.

गोदू धावली ती चपात्यांच्या परातीवरून. तिला पोर दिसतच नव्हती. दिसत होता तिनं न पाहिलेला, नुसता ऐकलेला बारकू, ऐनाखाली पडलेला, तोंडात पाला गेलेला.

"आये, मी बोलतेय ना, बघ, बोलतेय!" भाग्यश्री रडत म्हणत होती. "मान हलतेय, बघ!"

खांदा सुजला, पोटरीचं कातडं सोललं. बाकी काही झालं नाही. गोदूनं त्या दिवशी पुन्हा चूल पेटवली नाही. ती खांबापुढे बसून होती आणि येत्या शनिवारी तेलाबरोबर नारळही फोडायचा, असं ठरवत होती.

निरोप गेला तसे भोईर सर दुसऱ्या दिवशी एसटीनं आले. खांद्यावर हात फिरवून त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या हातापायांना एवढा घाम येत असेल बाळा, तर शहापूरला मी दुसरीला नेतो. उलट्या अढीत पकड गेली तर मानच मोडते. मला तुझ्या आईवडिलांना तोंड दाखवायचंय."

भाग्यश्रीनं मान खाली घातली. खांदा दुखला तेव्हा आलं नव्हतं एवढं पाणी आता डोळ्यांतून आलं. "शाळेत नाय सुटत, सर," ती म्हणाली. "हितंच सुटतं."

"इथंच?" सर उठून खांबाशी गेले. हात फिरवला, बोटं चोळली, नाकाशी नेली. पुन्हा वास घेतला. "हे एरंडेल नाही. कुणी काय लावलंय याला?"

"कोनी नाय," बारकू म्हणाला. "लाकूडच सोडतंय."

"सागाच्या लाकडातून खुरासणी निघते का हो?"

गोदूला तोंडात पदर धरून गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण पोरीचं नाव कापलं जात होतं, आणि ते घामावर. "मी घालते," ती म्हणाली. "दर शनवारी. तुमीच म्हनलात, मारुती हाय."

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, मारुतीला उलटी अढी घालायची नसते! एरंडेलसुद्धा थेंबाथेंबानं देतात, तळहातानं जिरवतात आणि फडक्यानं कोरडं पुसतात. तुम्ही तर अभिषेक करताय!"

भाग्यश्री आईकडे बघतच राहिली. "आये, मी रोज हात धुवून धुवून मेले! तू मला मारनार होतीस!"

मारणार होती, हे खरंच होतं.

शहापूरला न्यायचं की नाही ते रविवारी खांब बघून ठरवू, असं सांगून सर गेले. गोदूनं तासाभरात पाण्याचा हंडा चुलीवर चढवला. शिकेकाई उकळली. राख आणि गरम पाणी घेऊन ती खांब घासायला लागली, जळकं पातेलं घासावं तशी. तपकिरी फेस निघत राहिला. बारकूनं फुटक्या काचेनं वरचा चिकट थर खरवडला. मग उन्हानं काम केलं. शुक्रवारपर्यंत खांब फिकट, कोरडा दिसायला लागला. सगळं झालं. शनिवार मात्र यायचा तो आलाच.

उजाडताना गोदू अंगणात उभी होती, वाटी हातात. घालावं तर पोर पडणार, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. न घालावं तर काय होतं, तेही पाहिलं होतं.

"थेंबभर घालते," ती म्हणाली. भाग्यश्री तोवर मागे येऊन उभी राहिली होती.

"थेंबभर बी नाय."

"पायाशी तरी?"

"आये, पाय मी खांबाला लावते ना!"

"तू गप. तुला काय म्हाईत? त्या साली मी तांदूळ घातले नायत, तुज्या बापाचं काय झालं?"

ओट्यावर बसलेला बारकू खोकला. बराच वेळ खोकला. "तांदळाचं काय नवतं त्यात," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"फांदी पोकळ हाय ते मला दिसलं व्हतं. पुढं टहाळ चांगला व्हता, हावरटासारखा गेलो. तू पोतंभर तांदूळ घातले असतेस तरी मी त्याच फांदीवर पाय ठेवनार व्हतो."

गोदूनं वाटी ओट्यावर ठेवली, पण हळू नाही. तेल सांडलं.

"इतकी वर्सं?" ती म्हणाली. "तुमची आई मला उठता-बसता तांदूळ म्हनत व्हती. तवा तुमाला खोकला नाय आला?"

"आयेम्होरं काय बोलनार," बारकू जमिनीकडे बघत म्हणाला. "आन् मग ती गेली. मग ऱ्हायलं."

राहिलं! किती सोपा शब्द. एवढी वर्षं जी भीती तिनं पोटाशी धरून वाढवली, ती याच्या गप्प बसण्यावर पोसली होती. गोदूला एवढा संताप आला, की घडवंची उचलून त्याच्या अंगावर टाकावी. पण संतापानं भीती गेली, असं काही झालं नाही. पोर अजून वर चढणारच होती आणि खाली जमीनच होती. आता तर मधे तेलही नव्हतं.

"हो बाजूला," ती पोरीला म्हणाली.

तिनं लुगड्याचा काष्टा आवळला. तळहातांना चिमूटभर राळ चोळली, पोरीला चोळताना पाहिली होती तशी. मग खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली, गुडघे आवळले आणि पाय जमिनीवरून उचलले. चाळीशीची, डोक्यावर भाजीची पाटी वाहणारी बाई, वीतभर उंचीवर खांबाला लटकली. डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे. ती घसरण्याची वाट बघत होती. खांब तिला घसरू देईना. कातडीला लाकूड खरखरीत लागत होतं आणि धरून ठेवत होतं.

"आये, पुरं गो, उतर!" भाग्यश्रीला हसू आवरेना. "बाबा, बघा ना, आये मल्लखांब करते!"

"मला उतरवा आधी," गोदू डोळे न उघडता म्हणाली. "पाय कुठं हायत माझे?"

"जमिनीपासून वीतभर," बारकू म्हणाला. "सोड म्हंजे लागतील."

सोडले तसे लागले. ती घामानं निथळत होती. तिनं खांबावर वरखाली हात फिरवला, वास घेतला, पुन्हा फिरवला. मग पेंढा सारखा केला, आणखी एक भारा आणून पसरला.

"जा," ती म्हणाली.

भाग्यश्री चढली. खांबाच्या मानेपाशी पाय आवळले, पोटरीवरच्या सोललेल्या जागी लाकूड लागलं तशी ती चुळबुळली, आणि उलटी झाली. तिची वेणी गोदूच्या तोंडापुढे लोंबायला लागली. गोदू खाली दोन्ही हात पसरून उभी, पोर पडली तर ते हात काहीही करू शकणार नाहीत हे पक्कं माहीत असूनही.

"सोडू, आये?"

गोदूच्या तोंडावर 'नको' आलं होतं. तिनं ते गिळलं.

"हळू," ती म्हणाली.